कॉलेजच्या वेबसाइटवरचा मजकूर: विद्यार्थ्याला कळेल असा कसा लिहायचा, आणि ताजा कसा ठेवायचा?

तापीकाठ (प्रश्न)

राम राम मंडळी.

खान्देशातल्या एका अनुदानित कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयाच्या वेबसाइटचा मजकूर आता माझ्याकडे आहे. साडेतीनशेच्या आसपास पानं, नऊशेच्या वर पीडीएफ. सर्व्हर आणि डिझाइन एजन्सी बघते, पण काय लिहायचं, कुठे ठेवायचं, कधी काढायचं हे ठरवायला कोणी नाही. प्रत्येक विभाग सही-शिक्क्याचं परिपत्रक स्कॅन करून पाठवतो आणि ते जसंच्या तसं ‘सूचना’ या यादीत चढतं. विद्यार्थी शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगावकडचे. बहुतेकांच्या हातात मोबाइलच, आणि घाटावर गेलं की रेंजची बोंब. सूचना वाचूनही पोरं ऑफिसला फोन करून तारीखच विचारतात.

परीक्षा विभागाच्या सूचनेचा हा नमुना बघा:

“उपरोक्त विषयान्वये सर्व संबंधितांस सूचित करण्यात येते की, शैक्षणिक वर्ष २०२५-२६ मधील प्रथम सत्र परीक्षेची आवेदनपत्रे विहित मुदतीत ऑनलाइन पद्धतीने सादर करणे अनिवार्य असून मुदतीनंतर प्राप्त आवेदनपत्रे विलंब शुल्कासह स्वीकारण्यात येतील, याची नोंद घ्यावी.”

हे कसं लिहायला हवं? जुन्या फॉन्टमधल्या मजकुराचं काय करायचं? आणि साडेतीनशे पानं ताजी ठेवण्याची पद्धत कशी बसवायची?

---

लेखनिक

तापीकाठ भाऊ, आधी एक गाठ सोडवा. परिपत्रक हा कार्यालयाचा पुरावा असतो आणि वेबसाइटचं पान हे विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर असतं. दोन्ही लागतात, पण एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. परिपत्रकात जावक क्रमांक, संदर्भ, सही लागते. पोराला तारीख, पैसे, कागद आणि खिडकी लागते. तेव्हा परिपत्रक पानाच्या तळाशी जोडा आणि वर उत्तर लिहा.

तुमच्या नमुन्यात भाषा जड आहेच, पण खरा दोष वेगळा. त्यात तारीखच नाही. ‘विहित मुदतीत’ म्हणजे कधी? विलंब शुल्क किती? बॅकलॉगवाल्यांनी हाच फॉर्म भरायचा का? मग पोरं फोन करणारच. सोपं लिहायला बसलं की अशा राहून गेलेल्या गोष्टी आपोआप वर येतात. म्हणून लिहिण्याआधी विभागाला हे प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या.

मी असं लिहीन (तारखा आणि रक्कम नमुन्यादाखल):

परीक्षा फॉर्म: पहिलं सत्र, २०२५-२६
शेवटची तारीख: शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५, रात्री ११:५९
उशीर झाला तर: बुधवार, १५ ऑक्टोबरपर्यंत, १०० रुपये जादा
कोणी भरायचा: नियमित आणि बॅकलॉग, दोघांनी
जवळ काय हवं: पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), मागच्या सत्राचं गुणपत्रक, ओटीपी येईल असा मोबाइल
कसा भरायचा: १) लॉगिन करा. २) विषय तपासा. चुकीचा विषय दिसला तर पुढे जाऊ नका, आधी परीक्षा खिडकीशी बोला. ३) फी भरा. ४) पावती डाउनलोड करा. पावती मिळाली नाही तर फॉर्म भरला गेलेला नाही.
अडचण आली तर: परीक्षा खिडकी, वेळ, फोन

यात तीन गोष्टींकडे लक्ष द्या. तारखेसोबत वार लिहिलाय. १०/१० ला फरक पडत नाही, पण ०५/०६ कोणी ५ जून वाचतं, कोणी ६ मे. महिना अक्षरात लिहिला की प्रश्न मिटतो. दुसरं, ‘रात्री १२ वाजेपर्यंत’ कधीच लिहू नका. १० तारखेची रात्र संपताना की सुरू होताना, यावर हमखास वाद होतो. तिसरं, चूक नेमकी कुठे होते ते त्याच पायरीत सांगितलंय. तळाला वेगळ्या ‘टीपा’ दिल्या तर त्या वाचल्या जात नाहीत.

शब्दांचं म्हणाल तर ‘सोपी मराठी’ म्हणजे इंग्रजी शब्द घालणं नव्हे आणि काढणंही नव्हे. विद्यार्थी जो शब्द बोलतो आणि शोधतो तो आधी, अधिकृत शब्द त्याच्या शेजारी एकदा. ‘हॉल तिकीट’ हेच घ्या. अधिकृत शब्द ‘प्रवेशपत्र’, पण जूनमध्ये ‘प्रवेशपत्र’ शोधणाऱ्याला प्रवेशाचा अर्ज हवा असतो. म्हणून शीर्षक ‘हॉल तिकीट (परीक्षेचं प्रवेशपत्र)’. तसंच टीसी म्हणजे महाविद्यालय सोडल्याचा दाखला, मायग्रेशन म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र, रिव्हॅल म्हणजे पुनर्मूल्यांकन. ‘पात्रता’ या शब्दाला तर फार जपा. प्रवेशाला लागणारे गुण हाही अर्थ आणि विद्यापीठाकडची एलिजिबिलिटी हाही. एका पानावर दोन्ही अर्थ आले की गोंधळ ठरलेला.

विद्यापीठाच्या नावाचंही तसंच. २०१८ पासून नाव ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ आहे, पण जुन्या गुणपत्रकांवर ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ आहे आणि बोलताना लोक ‘उमवि’ किंवा ‘एनएमयू’ म्हणतात. माजी विद्यार्थ्यांच्या पानावर ही चारही रूपं एकेकदा यायला हवीत. शिवाय विद्यापीठाची स्थापना १९९० ची. त्याआधी इथली महाविद्यालयं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. तेव्हाच्या पदवीची दुय्यम प्रत मागायला माणूस जळगावला हेलपाटा घालतो. ‘तुमच्या पदवीवर कोणत्या विद्यापीठाचं नाव आहे ते आधी बघा’ एवढं एक वाक्य पानाच्या माथ्यावर असलं तर त्याचा दिवस वाचतो.

लिहून झालं की मोठ्याने वाचा. एका वाक्याला मध्येच श्वास घ्यावा लागला तर तिथे पूर्णविराम द्या. ‘असून’, ‘तसेच’, ‘याशिवाय’ या शब्दांपाशी वाक्य बहुतेक वेळा तोडता येतं.

---

कळफलक

लेखनिक दादांनी भाषेचं सांगितलं, मी अक्षरांचं सांगतो.

कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. आत रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचं रूप देतो. म्हणून तो गुगलला सापडत नाही, मोबाइलवर खिचडी दिसते आणि स्क्रीनरीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) ती खिचडीच वाचून दाखवतो. तो युनिकोडमध्ये (सगळीकडे सारखंच वाचलं जाणारं अक्षरांचं मानक) बदलल्याशिवाय इलाज नाही. परिवर्तक (कन्व्हर्टर) वापरा, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका. हमखास फसतं ते इथे:

रफार एका अक्षराने सरकतो (‘वर्ष’, ‘अर्ज’, ‘कार्यालय’ तपासा). जोडाक्षराआधीची ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी बसते (‘स्थिती’, ‘शक्ती’ यांसारखे शब्द). ‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन प्रकारे साठवता येतो: एक ‘ऱ’ला हलन्त देऊन, दुसरा साध्या ‘र’ला हलन्त आणि मध्ये अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसतात सारखे, पण साइटच्या शोधयंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. ‘ॲडमिशन’च्या ‘ॲ’चंही तसंच. तो एक स्वतंत्र अक्षर म्हणूनही असतो आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. पूर्ण साइटला एकच रूप ठरवा आणि परिवर्तनानंतर एकदा शोधा-बदला फिरवा. शेवटी आकडे मूळ कागदाशी ताडून बघा. फी आणि तारखांत परिवर्तकाची चूक चालत नाही.

नवं टाइप करताना इनस्क्रिप्ट असो की फोनेटिक, युनिकोड असलं की झालं.

एजन्सीला सांगायच्या गोष्टी, या लेखीच द्या:

पानाची भाषा ‘मराठी’ नोंदवा. बऱ्याच साइट्सवर ती इंग्रजीच राहून जाते. मग दृष्टिहीन विद्यार्थ्याचा स्क्रीनरीडर (एनव्हीडीए किंवा टॉकबॅक) मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जातो आणि काहीच कळत नाही. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणं मिळतात, तीही याच नोंदीमुळे. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. अक्षर निदान १६ पिक्सेल, ओळींची उंची त्याच्या १.६ पट. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली जातात, इंग्रजीची उंची तिला पुरत नाही. दोन्ही कडा सारख्या करणं बंद, मोबाइलवर शब्दांमध्ये खड्डे पडतात. मजकूर आणि पार्श्वभूमीतला रंगभेद किमान ४.५ ला १. पिवळ्यावर पांढरं आणि फिक्या निळ्यावर करडं, दोन्ही यात नापास होतात.

पानाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की बऱ्याचदा त्याचे टक्केवारी संकेत (% चिन्ह आणि अक्षर-आकडे) होतात आणि देवनागरीतल्या एका चिन्हाचे नऊ वर्ण होतात. ‘प्रवेश’ या शब्दात अशी सहा चिन्हं, म्हणजे चोपन्न वर्ण. लिंक तीन ओळींची झाली की लोक तिला घाबरून दाबत नाहीत.

एसएमएस पाठवत असाल तर मराठीत एका संदेशात ७० वर्ण बसतात, इंग्रजीत १६०. त्यामुळे एसएमएसमध्ये फक्त काम, तारीख आणि छोटी लिंक. ‘सर्व संबंधितांस’मध्येच पंधरा वर्ण जातात.

---

परीक्षाखिडकी

पीडीएफबद्दल थोडं.

ए-४ कागद ३०० डीपीआयने स्कॅन केला की २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं चित्र तयार होतं. रंगीत आठ पानं म्हणजे कित्येक एमबी, तेही ना शोधता येणारी ना वाचून दाखवता येणारी. डोंगरातल्या गावात ती फाइल अर्ध्यात अडकते. विभागाकडून स्कॅन नको, मूळ वर्ड फाइल मागा आणि तिच्यातूनच ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ करा. ‘प्रिंट टू पीडीएफ’ करू नका, त्यात मथळ्यांची रचना पुसली जाते. सही हवीच असेल तर फक्त सहीचं पान स्कॅन करा, करड्या रंगात, १५० ते २०० डीपीआयने.

आणि कॅशचा (फोनने साठवून ठेवलेल्या जुन्या प्रतीचा) घोळ सांभाळा. दुरुस्त परिपत्रक जुन्याच नावाने चढवलं तर काहींच्या फोनमध्ये जुनंच उघडत राहतं. पीडीएफच्या नावात तारीख घाला, म्हणजे दुरुस्त फाइल वेगळी राहते. पानाचा पत्ता मात्र वर्षानुवर्षं तोच ठेवा आणि त्यात साल घालू नका.

व्हॉट्सॲपवर पीडीएफ कधीच फिरवू नका, पानाची लिंक फिरवा. फिरलेली पीडीएफ दुरुस्त करता येत नाही. लिंक दाबणाऱ्याला मात्र पानावरची आत्ताची तारीख दिसते. लिंकसोबत शीर्षकाची चौकट दिसते, म्हणून शीर्षकाची सुरुवात ‘महत्त्वाची सूचना’ने न करता ‘परीक्षा फॉर्म’ने करा.

तारीख बदलली तर गुपचूप बदलू नका. वर लिहा: ‘बदल: ३ ऑक्टोबर, सायंकाळी ४. शेवटची तारीख ७ वरून १० ऑक्टोबर केली.’ जुनी तारीख ऐकलेल्या पोराला आपण चुकीच्या पानावर आलोय असं वाटत नाही.

---

साक्रीरोड

शिष्यवृत्तीच्या पानाबद्दल लिहितो, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त हेलपाटे तिथेच होतात.

महाडीबीटीवरचे (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) नियम आणि तारखा आपल्या पानावर उतरवून घेऊ नका. तिथे बदललं की आपलं पान खोटं ठरतं. जे तिथे लिहिलेलं नाही आणि तुमच्या कॉलेजलाच माहीत आहे ते लिहा: अर्ज कोणत्या टेबलावर तपासला जातो, परत पाठवला जातो तो बहुधा कशामुळे, दुरुस्त करून पुन्हा कुठे द्यायचा.

अर्ज अडण्याची कारणं नेमकी लिहा. पैसे खात्यात येत नाहीत त्याचं मोठं कारण म्हणजे ‘आधार लिंक आहे’ एवढ्यावर समाधान मानणं. बँकेत आधारची प्रत देणं वेगळं आणि डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) खातं आधारशी सीड होणं, म्हणजे पैसे यायचं खातं म्हणून जोडलं जाणं, वेगळं. दोन बँकांत खाती असतील तर जे शेवटी सीड झालं त्यात पैसे जातात, अर्जात लिहिलेल्या खात्यात नाही. विद्यार्थ्याला सांगा: बँकेत जाऊन ‘माझं डीबीटीचं खातं कोणतं आहे’ असंच विचार.

‘जात वैधता प्रमाणपत्र’ एवढंच लिहिणंही धोक्याचं. अनुसूचित जमातीसाठी प्रमाणपत्र तपासणी समिती वेगळी, बाकी प्रवर्गांसाठी जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती वेगळी. पानावर दोन ओळी वेगळ्या करा, नाहीतर पोरगा एसटीचं भाडं खर्चून भलत्याच दारात उभा राहतो. आदिवासी विकास विभागाच्या योजनांसाठी तालुक्याच्या नावासमोर प्रकल्प कार्यालय लिहा. खान्देशात ती नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल इथे आहेत. तालुक्यांची नावं लिहिताना ‘अक्राणी (धडगाव)’ अशी लिहा. दाखल्यावर अक्राणी असतं आणि बोलण्यात धडगाव. स्वतःचाच तालुका यादीत सापडत नाही, असं होता कामा नये.

फीच्या तक्त्याला नऊ रकाने असतील तर तो मोबाइलवर वाचता येत नाही. आडवा सरकवताना रकान्याचं नाव दिसेनासं होतं आणि खुल्या प्रवर्गाची फी राखीवची समजली जाते. एका अभ्यासक्रमाचं एक पान करा, त्यात प्रवर्ग खाली खाली. रक्कम लिहाल तिथेच ‘प्रवेशाच्या दिवशी भरायची’ आणि ‘शिष्यवृत्ती मंजूर झाल्यावर समायोजित होणारी’ असे दोन आकडे वेगळे दाखवा. घरच्यांना पहिला आकडा आधी हवा असतो. त्यावरच पोरीला प्रवेश घ्यायचा की नाही हे ठरतं.

---

तापीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. आकडे मराठी ठेवू की इंग्रजी? आणि अहिराणी-भिलीत पानं करावीत का?

---

कळफलक

आकडे कोणतेही चालतील, पण एका पानावर सरमिसळ नको. मराठी १ इंग्रजी ९ सारखा दिसतो, मराठी ४ इंग्रजी ८ सारखा आणि मराठी ७ इंग्रजी ६ सारखा. मिसळले की फीच चुकीची वाचली जाते. फक्त पीआरएन आणि आयएफएससी कार्डावर किंवा पासबुकावर छापलेत तसेच द्या.

फॉर्ममध्ये वेगळीच अडचण. मोबाइल क्रमांकाची तपासणी बहुधा फक्त इंग्रजी अंक मानते. मराठी कळफलक चालू असताना टाकलेला बरोबर क्रमांक ‘अवैध’ ठरतो आणि का ते पोराला कळत नाही. मराठी अंक आपोआप बदलून घ्यायला एजन्सीला सांगा. दोन ओळींचं काम आहे.

---

साक्रीरोड

अहिराणी, भिली, पावरीबद्दल: लिहिलेलं पान मराठीतच ठेवा, कारण अर्ज आणि दाखले मराठीत आहेत आणि या बोलींत लिहिलेलं वाचायची सवय पोरांना कमी. पण आईबापांसाठी ऐकायला द्या. दीड मिनिटाची ध्वनिफीत, मोनो, ३२ केबीपीएस, म्हणजे साधारण ३६० केबी. कमी रेंजमध्येही उतरते. तारखा तिच्यात बोलू नका, नाहीतर दरवर्षी नव्याने रेकॉर्ड करावी लागेल. “तारीख पानवरच लिखेल शे, ती देखी ल्या” एवढं पुरे. बोलणारा त्या बोलीचाच हवा, आणि भिलीची तळोद्याकडची आणि साक्रीकडची धाटणी वेगळी असते हे ध्यानात ठेवा.

---

परीक्षाखिडकी

व्यवस्थापनाचं राहिलंच की.

एक तक्ता करा. रकाने असे: पानाचा पत्ता, पान कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतं, मालक, आधार (परिपत्रकाचा क्रमांक), पुढची तपासणी कधी. मालक म्हणून पद लिहा, माणूस नव्हे, कारण माणसं बदलतात. ‘कोणत्या प्रश्नाचं उत्तर’ हा रकाना ज्या पानासमोर रिकामा राहील ते पान काढायचं किंवा दुसऱ्यात मिसळायचं. काढलेल्या पानाचा पत्ता नव्या पानाकडे वळवून ठेवा, ‘पान सापडले नाही’ येऊ देऊ नका. जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये ती लिंक अजून फिरत असते.

साडेतीनशे पानं एकदम हातात घेऊ नका. पहिल्या महिन्यात वीसच: प्रवेश, फी, परीक्षा फॉर्म, हॉल तिकीट, निकाल, रिव्हॅल, शिष्यवृत्ती, दाखले, वसतिगृह, बसपास आणि संपर्क, यांतली. बाकीची सर्व्हरवरची वर्षभराची भेटींची संख्या बघून ठरवा.

काही पानं भेटी कमी असल्या तरी काढायची नाहीत. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) खालची १७ बाबींची माहिती दरवर्षी अद्ययावत करावी लागते. तक्रार निवारण, अंतर्गत तक्रार समिती आणि रॅगिंगविरोधी माहितीही कायम हवी. ही पानं ‘समित्या’ या मेनूत चौथ्या पायरीवर पुरू नका. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ प्रत्येक पानाच्या तळाशी, दाबली की फोन लागेल अशी. ज्याला ती लागते तो मेनू शोधायच्या स्थितीत नसतो.

मंजुरीची साखळी दोनच जणांची ठेवा: मजकूर खरा आहे हे विभाग सांगणार, भाषा आणि मांडणी तुम्ही बघणार. प्राचार्यांची सही धोरण किंवा फी बदलताना. प्रत्येक स्वल्पविरामाला सही लागली तर तारीख उलटून गेल्यावर सूचना चढते. लुकलुकणाऱ्या ‘नवीन’ चिन्हाला सात दिवसांची मुदत सिस्टीममध्येच लावून टाका, हाताने ते कोणी काढत नाही.

चाचणी दर सत्राला एकदा. प्रथम वर्षाची पाच पोरं, त्यांचेच फोन, वायफाय बंद. प्रत्येकाला एकेक काम द्या: ‘बोनाफाईड कुठे मिळेल?’, ‘रिव्हॅलची फी किती?’ मदत करायची नाही, फक्त पहिलं बोट कुठे गेलं आणि कोणता शब्द टाइप केला ते टिपायचं. तीन जणांनी एकच शब्द टाइप केला आणि तो तुमच्या पानावर नसेल, तर त्याच संध्याकाळी तो शीर्षकात घाला.